डिस्कचं नाव तेच, आतला माल दुसराच: मल्टिपाथवाले सांभाळता कसं?

निवांत_बर्डीवाला

नमस्कार मंडळी. मागच्या शनिवारी रात्री जे झालं ते अजून डोक्यातून जाऊन नाही राहिलं, म्हणून धागा काढतोय. जागा नागपूरची, वर्धा रोडवरची. कंपनीचं नाव विचारू नका, घराचा हप्ता चालू आहे.

सेटअप साधा. एक लिनक्स डेटाबेस सर्व्हर, त्यात दोन एचबीए (स्टोरेजला जोडणारी कार्डं), दोन वेगळे एफसी म्हणजे फायबर चॅनल स्विच (आम्ही ए बाजू, बी बाजू म्हणतो), पलीकडे दोन कंट्रोलरचा स्टोरेज. प्रत्येक लनला (स्टोरेजने सर्व्हरला दिलेल्या डिस्कला) चार पाथ, म्हणजे पोचायच्या चार वाटा; त्या सांभाळतो मल्टिपाथ. शनिवारी बी बाजूच्या स्विचचं फर्मवेअर बदलायचं होतं. म्हटलं करा, ए बाजूवर चालते सगळं. चाललंही. स्विच सहा मिनिटांत परत आला, मल्टिपाथच्या यादीत चारही पाथ 'अ‍ॅक्टिव्ह रेडी रनिंग'. मी उठलो आणि बाहेर चहा घ्यायला गेलो. रात्री अकरालाही बाहेर भट्टीच होती, पण सर्व्हर रूममध्ये दोन तास बसल्यावर तीही बरी वाटते.

वीस मिनिटांनी एक्सएफएसने 'मेटाडेटा करप्शन' म्हणून फाइलसिस्टिम बंद केली. रिपेअर चालवलं तर अर्ध्या गोष्टी जागेवर, अर्ध्या गायब. दुसऱ्यांदा चालवलं तर वेगळ्याच गोष्टी गायब! तिथे माझ्या पोटात गोळा आला. डिस्क खराब असेल तर ती दर वेळी सारखीच खराब असायला हवी ना.

पहाटे कारण सापडलं. स्विच बंद होता त्या सहा मिनिटांत स्टोरेजवाल्याने बी बाजूच्या पोर्टांवर एक काम उरकून घेतलं. एक व्हॉल्यूम टेस्ट सर्व्हरच्या होस्ट ग्रुपात (कोणत्या सर्व्हरला कोणते व्हॉल्यूम दिसावेत ती यादी) लावायचा होता. यादीत शेजारची ओळ निवडली गेली आणि आमच्या ग्रुपातला लन नंबर ७ जाऊन तिथे टेस्टचा व्हॉल्यूम बसला. एरवी सर्व्हर लॉगिन असतो, त्यामुळे स्टोरेज 'खरंच काढू का' म्हणून विचारतो. स्विचच बंद, लॉगिन नाही, त्यामुळे त्याने मुकाट्याने करू दिलं. ए बाजूला सात नंबर जुनाच. स्विच उठल्यावर बी बाजूचे दोन पाथ उठले आणि जुन्याच मॅपमध्ये (चार पाथ मिळून केलेल्या एका डिस्कमध्ये) जाऊन बसले. म्हणजे एकाच फाइलसिस्टिमचं अर्धं लिखाण आपल्या व्हॉल्यूमवर, अर्धं टेस्टच्या. दोन्ही ५०० जीबीचे, त्यामुळे आकारावरूनही कोणाला शंका आली नाही.

रविवारी दुपारी चारपर्यंत बॅकअपवरून उभं केलं. टेस्टवाल्यांचंही गेलंच.

प्रश्न असा: डिस्कची ओळख खालच्या खाली बदलली तर मल्टिपाथला कळत कसं नाही? आणि तुम्ही लोक यावर काय बंदोबस्त करता?

ता.क. साइटच्या नियमाप्रमाणे कमांडही देवनागरीत लिहितोय. कृपया टर्मिनलमध्ये तशाच टाकू नका.

तर्री_जास्त

बाप्पा! चहाला गेला तिथेच चुकलं भाऊ. मेंटेनन्सनंतर पहिला अर्धा तास जागचं हलायचं नसते.

धरमपेठी

धागा वाचनखुणेत टाकला. ५०० जीबीचे दोन्ही, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे तर सगळेच लन एका मापाचे आहेत, 'सोपं पडतं' म्हणून.

नवखी_ॲडमिन

बेसिक प्रश्न विचारते, हसू नका. एकाच डिस्कला चार पाथ म्हणजे सर्व्हरला चार डिस्क दिसतात का? आणि मग 'ओळख' म्हणजे नक्की काय?

धरमपेठी

@नवखी_ॲडमिन, हसणार नाही, आम्हीही इथूनच सुरू केलं.

बर्डीच्या मेन रोडवर एक दुकान धरा. त्याचं एक दार मेन रोडवर, दुसरं मागे मोदी नंबर तीनच्या गल्लीत. तुम्ही नवीन असाल तर तुम्हाला ती दोन दुकानं वाटतील. आत जाऊन गल्ल्यामागे टांगलेला परवाना वाचला की कळतं, अरे, दुकान एकच आहे. कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) एसडीबी, एसडीसी, एसडीडी, एसडीई अशा चार डिस्क दिसतात, म्हणजे चार दारं. परवाना म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूआयडी, डिस्कचा ओळख क्रमांक. मल्टिपाथ चौघांचा परवाना वाचतो, आकडा एकच निघाला की चौघांना एका मॅपमध्ये घालतो, मग वापरायची ती डेव्ह-मॅपरखालची एमपाथ-ए. एक दार बंद झालं तर दुसऱ्याने माल जातो.

निवांतभाऊंच्या केसमध्ये मागच्या दाराचं शटर सहा मिनिटं पडलं. उघडलं तेव्हा आत दुकान दुसऱ्याचं. पण परवाना पुन्हा कोणी वाचलाच नाही.

नवखी_ॲडमिन

आता कळलं. पण का वाचला नाही?

जुना_युनिक्सवाला

याचं उत्तर जरा ऐसपैस द्यावं लागेल.

स्कझी (सर्व्हर आणि डिस्क यांची बोलायची भाषा) डिस्कला विचारता येतं, 'तू कोण?' त्याला इन्क्वायरी म्हणतात, आणि ओळखीचं पान आहे व्हीपीडी पेज ८३. तिथून जो आकडा येतो त्याच्या पुढे एक अक्षर लागून डब्ल्यूडब्ल्यूआयडी बनतो. तुमच्या यादीत बहुतेक सगळे ३ ने सुरू होतात ना? तो ३ आकड्याचा प्रकार सांगतो, एनएए. त्याच्यापुढचा ६ म्हणजे १६ बाइटचा लांब एनएए, म्हणून सुरुवातीच्या ३ नंतर हा ६ धरून एकूण ३२ अक्षरं, तो ३ धरून ३३. पेज ८३ नसेल तर पेज ८० वरचा सिरियल नंबर घेतात, मग सुरुवातीला एस लागतो.

आता मुद्दा. कर्नल हे पान डिस्क पहिल्यांदा दिसते तेव्हा वाचतो आणि जपून ठेवतो. यूडेव्ह (डिव्हाइसची नोंद ठेवणारी लिनक्सची सेवा) तेच आयडी-सिरियल म्हणून आपल्या वहीत लिहितो. मल्टिपाथडी, म्हणजे मागे सतत चालणारी मल्टिपाथची सेवा, त्या वहीवर विश्वास ठेवतो. पाथ पडला, पुन्हा उठला, तर जो चेकर चालतो तो बहुतेक ठिकाणी टीयूआर असतो. टेस्ट युनिट रेडी. तो फक्त 'तयार आहेस का' एवढंच विचारतो. 'तू कोण' हे विचारणं त्याचं कामच नाही. तुमच्या बी बाजूच्या टेस्ट व्हॉल्यूमने अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, हो, तयार आहे.

आणि त्या सहा मिनिटांबद्दल. तुमचा डेव्ह-लॉस-टाइमआउट (गायब झालेल्या पोर्टची कर्नल किती वेळ वाट पाहतो) किती आहे?

निवांत_बर्डीवाला

६०० सेकंद.

जुना_युनिक्सवाला

म्हणजे दहा मिनिटं. स्विच दहा मिनिटांच्या आत परत आला म्हणून घात झाला. अकरा मिनिटं लागली असती तर कर्नलने बी बाजूच्या एसडी डिस्क काढून टाकल्या असत्या, परत दिसल्यावर नव्याने ओळख वाचली असती आणि टेस्ट व्हॉल्यूम वेगळा म्हणून बाजूला पडला असता. तुमचा स्विचवाला चपळ निघाला हे तुमचं दुर्दैव.

तर्री_जास्त

आयुष्यात पहिल्यांदा व्हेंडरवाला लवकर काम करून गेला आणि बघा काय झालं 😂

निवांत_बर्डीवाला

हे दहा मिनिटांचं मला खरंच माहीत नव्हतं. दंडवत. काल रात्री लॉग पुन्हा पाहिले. स्विच उठल्यावर काही सेकंदांतच कर्नलने लिहिलेलं आहे: या टार्गेटवरची लन असाइनमेंट बदलल्याची सूचना मिळाली आहे, लिनक्सचा स्कझी थर ती आपोआप बदलत नाही. सांगितलं होतं बिचाऱ्याने. मी चहा पीत होतो.

मिहानवाली

तो संदेश आमच्याकडे रोज येतो. स्टोरेजवर कुठे एक लन जोडला की त्या पोर्टवरचे सगळे सर्व्हर ओरडतात. दहा वेळा खोटी घंटा वाजली की अकराव्यांदा कोण पाहतं?

आणि उत्तर सोपं आहे, उगाच लांबवून नका राहू. मल्टिपाथ डॉट कॉन्फमध्ये रीचेक-डब्ल्यूडब्ल्यूआयडी 'यस' करा. पाथ परत आला की मल्टिपाथडी ओळख पुन्हा वाचतो, बदललेली असेल तर जुन्या मॅपमधून काढून नवीन पाथ म्हणून घेतो. मुळात 'नो' असतं, म्हणून कोणी पाहत नाही. विषय संपला.

जुना_युनिक्सवाला

@मिहानवाली, नव्वद टक्के पटलं. पण विषय संपला म्हणू नका. रीचेक पाथ पडून उठला तरच होतो, किंवा तुम्ही हाताने पाथ पुन्हा जोडला तर. समजा पाथ पडलाच नाही. चालू स्थितीत कोणी स्टोरेजवर सात नंबर काढून लगेच दुसरा लावला, दोन चेकच्या मधल्या वेळात. चेकर पाच सेकंदांनी आला, 'तयार आहेस?', 'आहे'. पाथ पडलाच नाही तर रीचेक कशाला होईल? शिवाय तो फक्त स्कझीसाठी, आणि यूआयडी-अ‍ॅट्रिब्यूट (ओळख कुठून घ्यायची ती सेटिंग) तुम्ही बदललेला नसेल तरच.

आणखी एक. रेड हॅट लिनक्सच्या ७ मालिकेत डिसेबल-चेंज्ड-डब्ल्यूडब्ल्यूआयडीज नावाचा पर्याय होता. इंटरनेटवरच्या जुन्या उत्तरांत तोच सापडतो. नव्या आवृत्त्यांत तो लिहिला तरी मल्टिपाथ दुर्लक्ष करतो. माझ्या ओळखीच्या एकाच्या फाइलमध्ये तो दोन वर्षं दिमाखात बसलेला होता आणि गडी निर्धास्त.

मिहानवाली

चालू स्थितीत, पाच सेकंदांत, काढून लावणारा स्टोरेजवाला भेटला तर त्याचा सत्कार करू.

जुना_युनिक्सवाला

स्क्रिप्ट लावून काम करणारा एक आहे आमच्याकडे. नारळ तयार ठेवा.

डीबीए_ताई

आमची गोष्ट उलट्या बाजूची आहे. तुमच्याकडे वरची ओळख जुनी आणि आतला माल नवा. आमच्याकडे वरची ओळख नवी आणि आतला माल जुळा भाऊ.

रिपोर्टिंगसाठी प्रॉडक्शन व्हॉल्यूमचा क्लोन (हुबेहूब प्रत) काढून त्याच सर्व्हरला लावला. स्टोरेजने क्लोनला नवा डब्ल्यूडब्ल्यूआयडी दिला, मल्टिपाथने वेगळा मॅप केला, इथवर सगळं सरळ. पण आत एलव्हीएमची (डिस्क जोडून-वाटून देणारा लिनक्सचा थर) पीव्ही यूयूआयडी, म्हणजे डिस्कवरच लिहिलेली ओळख, तीच, आणि व्हीजीचं, म्हणजे डिस्कच्या गटाचं, नावही तेच. पीव्हीएस (पीव्हींची यादी देणारी कमांड) चालवलं तर तक्रार: एकाच पीव्हीच्या दोन डिस्क दिसतात, यातली एक मी वापरत नाही. कुठली वापरत नाही ते ओळीच्या शेवटी, बारीक. ज्युनियरने ते न वाचता रीबूट केला. पुढचं सांगायची इच्छा नाही.

त्यानंतर आमच्याकडे नियम आहे. क्लोन लागला की सगळ्यात आधी व्हीजी-इम्पोर्ट-क्लोन, म्हणजे आतली ओळखही बदलते. एक्सएफएस सरळ असेल, एलव्हीएमशिवाय, तर तो तशीही दुसरी प्रत माउंट करायला नकार देतो, तेव्हा लोक गूगल करून नोयूयूआयडी (ही तपासणी करू नको असं सांगणारा माउंट पर्याय) लावतात आणि तसंच कायम ठेवतात. एका दिवसाच्या कामासाठी ठीक. कायमचं वापरायचं असेल तर एक्सएफएस-अ‍ॅडमिनने नवीन यूयूआयडी द्या ना बाबा.

पुणेकर_तात्पुरता

आमच्या पुण्यात क्लोन कधीच त्याच सर्व्हरला लावत नाहीत.

तर्री_जास्त

तुमच्या पुण्यात दुपारी एक ते चार पाथही बंद असतात 🙏

पुणेकर_तात्पुरता

हशील काय या विनोदाचं? (पण हसलो.) गंभीरपणे सांगायचं तर वेगळा रिपोर्टिंग सर्व्हर ठेवला की अर्धे प्रश्न सुटतात. सॉफ्टवेअरचा परवाना महाग पडतो म्हणून लोक एकाच सर्व्हरवर करतात.

मानेवाड्याचा_जुगाडू

मी घरच्या लॅबवाला, मोठ्यांच्या गप्पांत तोंड घालतो. दोन स्वस्त यूएसबी डॉक घेतले इतवारीतून, दोन्हीत वेगवेगळ्या जुन्या डिस्क. जोडल्या तर दिसली एकच. एमपाथ-ए, दोन पाथ! डोकं खाजवलं दोन तास. दोन्ही डॉकचा सिरियल नंबर एकच छापलेला, ओळीने शून्यच शून्य. मल्टिपाथ म्हणतो नंबर एक म्हणजे डिस्क एक. बरं झालं काही लिहिलं नव्हतं. मल्टिपाथच काढून टाकला मशीनवरून, घरी कशाला हवा.

धरमपेठी

@मानेवाड्याचा_जुगाडू, दोन दुकानांनी एकाच परवान्याची झेरॉक्स टांगली. हे इतवारीत नवीन नाही.

हिंगण्याचा_कारखानावाला

आमच्याकडे आयस्कझी, म्हणजे साध्या नेटवर्कवरून स्कझी डिस्क. ओळख बदलण्याऐवजी दोघांची ओळख एक झाली. एका व्हीएमची (व्हर्च्युअल मशीनची) प्रत काढून दुसरा सर्व्हर केला. आयपी बदलला, होस्टनेम बदललं, इनिशिएटर नेम (स्टोरेज सर्व्हरला ज्या नावाने ओळखतो ते, यालाच आयक्यूएन म्हणतात) बदलायचं राहिलं. तो असतो ईटीसी खाली आयस्कझी, त्यात इनिशिएटरनेम. दोघांचा आयक्यूएन एकच, म्हणून स्टोरेजला वाटलं एकच होस्ट आहे. दोघांनी तोच लन उचलला, दोघांनी ईएक्सटी-४ माउंट केला, दोघं लिहून राहिले. तीन दिवस कोणाला कळलं नाही. चौथ्या दिवशी गोडाऊनच्या स्टॉकमध्ये असे आकडे दिसायला लागले की मालकाला वाटलं चोरी होऊन राहिली. चौकीदाराची चौकशी झाली हो! त्या बिचाऱ्याला नंतर मीच जाऊन सॉरी म्हणालो.

नवखी_ॲडमिन

चौकीदाराचं वाचून वाईट वाटलं 😢

व्हीएमवरून आठवलं. आमच्या व्हीएमवेअरच्या मशीनमध्ये डिस्कचा डब्ल्यूडब्ल्यूआयडी येतच नाही. स्कझी-आयडी (डिस्कची ओळख विचारणारी कमांड) चालवलं तर रिकामं.

मिहानवाली

व्हीएम बंद करून अ‍ॅडव्हान्स्ड पॅरामीटरमध्ये डिस्क डॉट इनेबल-यूयूआयडी 'ट्रू' कर. मग येईल. पण व्हीएमच्या आत मल्टिपाथ बहुतेक वेळा लागतच नाही, तो खाली हायपरव्हायझर (व्हीएम चालवणारा थर) करतो. गरज नसेल तर बंद ठेव.

गिट्टीखदानचा_गब्बर

सगळे रीचेक-रीचेक करून राहिले, मूळ चूक कोणाची ते कोणी बोलत नाही. स्टोरेजवाल्याने मेंटेनन्सच्या खिडकीत दुसऱ्याचं काम घुसवलं. भैताडपणा आहे हा. चेंज रिक्वेस्टमध्ये ते काम होतं का?

निवांत_बर्डीवाला

नव्हतं. पण खरं सांगू का, त्या पोराला झोडपून काय होणार? रात्री साडेदहाला एकटा बसून चार कामं निस्तरत होता. होस्ट ग्रुपची नावं सुद्धा आमचीच: 'डीबी-पी-०१-बी' आणि 'डीबी-टी-०१-बी'. एका अक्षराचा फरक, बारीक फॉन्ट, एकाखाली एक. मीही चुकलो असतो.

गिट्टीखदानचा_गब्बर

नावं बदला मग. एकाचं नाव काळी ठेवा, एकाचं पिवळी. मारबतीच्या मिरवणुकीत कोणी गोंधळलेलं पाहिलं का आजवर?

तर्री_जास्त

घेऊन जाऽऽ गे मारबऽऽत! डुप्लिकेट पीव्ही, स्प्लिट ब्रेन आणि शनिवारचे चेंज घेऊन जा गे मारबत!

डीबीए_ताई

हसून हसून पुरेवाट. या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात बडग्या करूच.

जुना_युनिक्सवाला

नावांवरून एक राहिलं. मॅपच्या नावांचंही पाहा. युझर-फ्रेंडली-नेम्स चालू असेल तर एमपाथ-ए, एमपाथ-बी ही नावं कोणत्या डब्ल्यूडब्ल्यूआयडीला लागली ते ईटीसी मल्टिपाथखाली बाइंडिंग्ज नावाच्या फाइलमध्ये असतं. तीच फाइल इनिट-रॅम-एफएसमध्येही (बूट होताना सुरुवातीला लागणारा गठ्ठा) कोंबलेली असते, आणि तिथली प्रत जुनी राहते. आमच्याकडे एकदा रीबूटनंतर एमपाथ-बी आणि एमपाथ-सी यांची अदलाबदल झाली होती. एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं ती फाइल) एमपाथ-बी लिहिलेलं. माउंट झालं, फक्त भलत्या जागी भलतं. तेव्हापासून बाइंडिंग बदलली की ड्रॅकट डॅश एफ (तो गठ्ठा नव्याने बांधणारी कमांड) मारल्याशिवाय घरी जात नाही, आणि महत्त्वाच्या लनना मल्टिपाथ डॉट कॉन्फमध्ये डब्ल्यूडब्ल्यूआयडीसमोर एलियस (आपण दिलेलं नाव) स्वतः लिहितो. एफएसटॅबमध्ये शक्यतो फाइलसिस्टिमचा यूयूआयडी.

एसडीबी-१ लिहिणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही. त्यांना बूटच्या वेळचा नव्वद सेकंदांचा टाइमआउट आणि इमर्जन्सी मोडच शिकवेल.

एआयएक्सवर (आयबीएमचं युनिक्स) हे कधी जाणवलं नाही, कारण तिथे एचडिस्कचा नंबर काहीही असो, पीव्हीआयडी डिस्कवरच लिहिलेला असतो. अर्थात क्लोन काढला की तोही सोबत जातो, ताईंची गोष्ट पुन्हा तिथेच येते. कोणतीही ओळख घ्या, ती कुठे लिहिली आहे आणि कोण कधी वाचतो, हे माहीत नसेल तर उपयोग नाही.

पुणेकर_तात्पुरता

यूयूआयडी लिहिलं तर क्लोन लावल्यावर दोन डिस्कवर एकच यूयूआयडी दिसेल. मग?

जुना_युनिक्सवाला

बरोबर पकडलंत. म्हणून क्लोन लागणाऱ्या सर्व्हरवर एलियसच. रेड हॅट ९ पासून एलव्हीएमची डिव्हाइसेस फाइल मुळातच चालू असते, यादीत नसलेल्या डिस्ककडे एलव्हीएम बघतच नाही. त्याने ताईंचा ज्युनियर वाचला असता.

डीबीए_ताई

ज्युनियर आता बंगळुरूला आहे, मजेत आहे.

मिहानवाली

मी जरा चुकले हे मान्य. रीचेक 'यस' ठेवाच, पण मेंटेनन्सच्या वेळी एक जास्तीचं करता येईल. ज्या बाजूचं काम आहे त्या बाजूचे पाथ नुसते पडू देऊ नका, आधीच काढून टाका. सिसएफएसमध्ये (कर्नल आपली डिव्हाइस फाइलींच्या रूपात दाखवतो ती जागा) त्या एसडीच्या डिव्हाइसखाली डिलीट असते, तिथे १ लिहायचा. काम झालं की होस्ट स्कॅन. मग प्रत्येक डिस्क नवीन म्हणून येते आणि ओळख ताजी वाचली जाते. सहा मिनिटं की अकरा, काही फरक पडत नाही.

धरमपेठी

२०० लन, दोन बाजू, चार पाथ. ४०० वेळा १ लिहू?

मिहानवाली

लूप लिही ना रे. त्या बाजूच्या एचबीएचा होस्ट नंबर धरून. फक्त एन्टर दाबायच्या आधी दहा वेळा बघ की खरंच तीच बाजू आहे. आमच्या एकाने उलटी बाजू काढली होती. तेव्हा आम्ही 'ऑल पाथ्स डाउन' काय असतं ते प्रॅक्टिकलमध्ये पाहिलं.

धरमपेठी

डेव्ह-लॉस-टाइमआउटच ६० केला तर?

जुना_युनिक्सवाला

केबल जरा हलली, एसएफपीने (केबल लावायचा मॉड्यूल) डोळा मिचकावला, की डिस्क जायच्या-यायच्या, एसडीची अक्षरं पुढे पुढे सरकायची. शिवाय नो-पाथ-रीट्रायला 'क्यू' (एकही पाथ नसला तरी लिखाण रांगेत थांबवून ठेव) दिलं असेल तर मल्टिपाथ हा टाइमआउट स्वतःच वर नेऊन जवळपास अनंत करतो, तुम्ही काहीही लिहा. माझं मत, त्याला हात लावू नका.

तर्री_जास्त

अवांतर: एवढं वाचून भूक लागली. रात्रीच्या मेंटेनन्सवाल्यांनी सकाळी पोहे कुठे खायचे यावर वेगळा धागा हवा.

गिट्टीखदानचा_गब्बर

तर्री असेल तिथे. धागा संपला.

निवांत_बर्डीवाला

धागा वर काढतोय, अपडेट द्यायचं होतं.

रीचेक 'यस' केलं. स्टोरेजवाल्यासोबत बसून होस्ट ग्रुपची नावं बदलली. काळी-पिवळी नाही ठेवली, पण 'प्रॉडक्शन' पूर्ण लिहिलं, आणि टेस्टच्या लनचे नंबर १०० पासून पुढे. आता नंबर धडकतच नाहीत. नव्या व्हॉल्यूमचे आकारही मुद्दाम वेगळे ठेवतोय, ५०१, ५०२ असे. मॅनेजर हसला. हसू दे.

मुख्य गोष्ट स्क्रिप्टची. प्रत्येक एसडीसाठी यूडेव्हच्या वहीतला आयडी-सिरियल घ्यायचा, आणि स्कझी-आयडीने पेज ८३ थेट डिस्ककडून पुन्हा विचारायचं. दोन्ही जुळले नाहीत तर मेल. सिसएफएसमधला डब्ल्यूडब्ल्यूआयडी घेऊन तुलना करू नका, मी आधी तेच केलं. तोही जपून ठेवलेलाच, म्हणजे वहीला वहीच विचारल्यासारखं. दोन दिवस 'सगळं छान' दाखवत होता आणि मी खूश.

थेट विचारायला लागलो तेव्हा गुरुवारी सकाळी एक ओळ जुळली नाही. आधी वाटलं स्क्रिप्टच चुकलं. स्टोरेजवाल्याला फोन लावला. मी शेवटची आठ अक्षरं वाचत होतो, तो त्याच्या स्क्रीनवरून वाचत होता. 'सी-चार-नऊ-शून्य...' 'थांब, माझ्याकडे सी-चार-नऊ-ई.' ३३ पैकी एक अक्षर. दोघंही गप्प. बॅकअप सर्व्हरचा लन, बी बाजू, त्याच शनिवारच्या रात्री बदललेला. तिथे त्या आठवड्यात बॅकअप फक्त ए बाजूने चालत होता म्हणून वाचलो. दोन्ही पाथ काढले, मॅपिंग सरळ केलं, स्कॅन केला, जुळलं.

जुना_युनिक्सवाला

शाब्बास. पण फोनवर वाचायचं नाही. एकाने ई म्हटलं, दुसऱ्याने डी ऐकलं, तर? कॉपी-पेस्ट.

मिहानवाली

स्क्रिप्ट द्या ना भाऊ. आमच्याकडेही लावून बघते. सोमवारी चेंज आहे.

निवांत_बर्डीवाला

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. मेल आयडी बदला त्यात, नाही तर तुमच्या डिस्कची तक्रार रात्री तीनला मला येईल.

नवखी_ॲडमिन

शेवटचा प्रश्न. आमच्याकडे नवीन सर्व्हर एनव्हीएमईवर (स्कझीऐवजी वापरायची नवी डिस्क-भाषा) येणार आहेत. त्यांना पेज ८३ असतं का?

जुना_युनिक्सवाला

तिथे पेज ८३ नाही. नेमस्पेसला (तिकडचा लनच समजा) एनजीयूआयडी, ईयूआय-६४ किंवा यूयूआयडी असतो, सिसएफएसमधला डब्ल्यूडब्ल्यूआयडी 'ईयूआय' किंवा 'यूयूआयडी' ने सुरू होताना दिसेल. आणि बहुतेक ठिकाणी कर्नलचं स्वतःचं एनव्हीएमई मल्टिपाथ चालतं, मल्टिपाथडीचं नाही, म्हणजे वरचा रीचेकही तिथे नाही. सर्व्हर आले की सांगा, पाहू काय दाखवतात.